पहिल्यांदा बँकॉकला: रस्ता सोडा, नदी धरा

"बँकॉकमध्ये काही नाही हो, नुसता ट्रॅफिक आणि मॉल," असं सांगणारा कुणी भेटला तर तो शहरात कशाने फिरला एवढंच विचारा. उत्तर बहुधा टॅक्सी किंवा टूरची बस असंच येतं. हे शहर १७८२ साली चाओ फ्राया नदीच्या वळणावर राजधानी म्हणून वसलं आणि वाढलं ते कालव्यांच्या काठाने. रस्ते नंतर आले, आणि गर्दीला ते आजवर पुरलेले नाहीत. म्हणून खालचा सगळा बेत एकाच हिशेबावर उभा आहे. जुनं शहर बोटीने पाहायचं, नवं शहर डोक्यावरून आणि जमिनीखालून धावणाऱ्या गाड्यांनी. उघड्यावर हिंडायचं ते सकाळी साडेअकराच्या आत, नाहीतर चारनंतर. तीन पूर्ण दिवस हाताशी आहेत असं धरलं आहे.

## घरून निघताना

व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले आहेत. त्यामुळे ओळखीतलं कुणी मागच्या वर्षी कसं गेलं यावर जाऊ नका, तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाचं संकेतस्थळ उघडून पाहा. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने हवी. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून जवळ ठेवा. इमिग्रेशनवाले खर्चाला पैसे किती आणलेत हेही विचारू शकतात, तेव्हा सगळी रक्कम कार्डातच ठेवू नका.

१ मे २०२५ पासून प्रत्येकाला 'थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड' ऑनलाइन भरावं लागतं. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते भरायचं, लहान मुलांचंही वेगळं. हे पूर्णपणे मोफत आहे. कुठलं संकेतस्थळ त्यासाठी पैसे मागत असेल तर तुम्ही सरकारी पानावर नाही, दलालाच्या पानावर आहात.

बँकेच्या ॲपमध्ये दोन बटणं चालू करा: परदेशातले व्यवहार, आणि परदेशातलं 'टॅप' म्हणजे कॉन्टॅक्टलेस. दुसरं बटण बहुतेकजण विसरतात आणि मेट्रोच्या दारात कार्ड अडतं. यूपीआयच्या भरवशावर राहू नका. दुकानादुकानात क्यूआर कोड दिसतात खरे, पण ते थाई बँकांच्या खात्यांचे असतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत बरा. मार्च ते मे उकाडा, त्यानंतर पाऊस, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तो चांगलाच झोडपतो. दोन तारखा मुद्दाम पाहा. १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, म्हणजे आपल्या संक्रांतीचाच शब्द. पण तिथे तीळगूळ नाही, तर गल्लोगल्ली बादल्या आणि पिचकाऱ्या. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच बाहेर पडायचं आणि त्या दिवसांत देवळं-राजवाड्यांचा बेत ठेवायचा नाही. दुसरी तारीख लॉय क्राथोंगची. आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमेला दिवे लागतात, त्याच सुमाराच्या पौर्णिमेला तिथे केळीच्या बुंध्याच्या चकतीवर पानंफुलं रचून दिवा नदीत सोडतात. बेत जुळत असेल तर ही रात्र नदीकाठीच काढा.

## उतरल्यावरचे पहिले तास

मुंबईहून थेट विमानाला साधारण साडेचार तास लागतात. बरीच विमानं रात्री सुटून तिथे पहाटे टेकतात, आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. हॉटेलची खोली मात्र दुपारी दोनला मिळते. तेव्हा पहिल्या सकाळी सामान हॉटेलच्या काउंटरवर ठेवून बाहेर पडायची तयारी हवी. देवळात चालतील असे कपडे हातातल्या पिशवीत वर ठेवा.

सुवर्णभूमी विमानतळावर पैसे बदलायचे तर वरच्या मजल्यांवरच्या बँकांच्या खिडक्या सोडून द्या आणि तळघरात, एअरपोर्ट रेल लिंकच्या स्टेशनाशेजारी जा. तिथल्या छोट्या काउंटरांचा दर शहरातल्या दराच्या जवळ जातो. रुपयेही घेतात, पण डॉलरच्या मानाने ते महागात पडतं. डॉलर नेत असाल तर शंभराच्या, कोऱ्या, पेनाची रेघ नसलेल्या नोटा न्या. छोट्या नोटांना दर कमी मिळतो आणि दुमडलेल्या-फाटक्या परत करतात. एटीएम परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाथच्या (बाथ हे तिथलं चलन) आसपास आकार लावतं, म्हणून काढायचे तर एकदाच मोठी रक्कम काढा. मशीन 'तुमच्या चलनात रूपांतर करू का' असं विचारतं. तिथे नाही म्हणा. हो म्हटलं की मशीनवाल्या बँकेचा दर लागतो आणि तो कायम वाईट असतो.

शहरात जायला दोन वाटा. सामान आटोपशीर असेल तर रेल लिंक: फाया थाय या शेवटच्या स्टेशनापर्यंत ४५ बाथ आणि अर्धा तास. तिथे बीटीएसची, म्हणजे उंचावरून धावणाऱ्या मेट्रोची, गाडी मिळते. मक्कासान स्टेशनावर उतरलात तर पुलावरून एमआरटीला, म्हणजे भुयारी मेट्रोला, जाता येतं. चारजण आणि चार बॅगा असतील तर टॅक्सीच परवडते. पहिल्या मजल्यावरच्या मशीनमधून चिठ्ठी घ्या आणि चिठ्ठीवरच्या क्रमांकाच्या जागी उभी असलेली गाडी घ्या. मीटर ३५ बाथपासून सुरू होतं, त्यावर विमानतळाचे ५० आणि एक्सप्रेसवेचा टोल तुमचा. चिठ्ठी ड्रायव्हरला देऊ नका. तक्रारीचा तोच पुरावा असतो.

हॉटेल ठरवताना एकच कसोटी लावा: बीटीएस किंवा एमआरटीचं स्टेशन चालत दहा मिनिटांच्या आत आहे का? सियाम-फाया थाय पट्टा सगळ्याला मधला, असोकला दोन्ही गाड्या भेटतात, सफान ताक्सिनला नदी दारात. प्रतुनाममध्ये आपल्याकडचे लोक भरपूर उतरतात, कारण कपड्यांचा घाऊक बाजार आणि भारतीय खानावळी जवळ. पण संध्याकाळी तिथून टॅक्सी काढणं म्हणजे दादरच्या पुलाखाली अडकण्यासारखं आहे. नाना स्टेशनाच्या आसपास रात्री काय बाजार असतो ते आईवडिलांना सोबत घेऊन जाणाऱ्यांनी आधी समजून घ्यावं.

## गाड्या, बोटी आणि सोय

बीटीएस म्हणजे उंचावरून धावणारी, एमआरटी म्हणजे मुख्यतः भुयारी. दोन्हींची तिकिटं वेगळी, हे ध्यानात न ठेवल्यामुळे पहिल्या दिवशी निम्मी माणसं चुकीच्या दारात कार्ड टेकवून उभी असतात. एमआरटीत व्हिसा-मास्टरकार्ड थेट टॅप करता येतं. बीटीएससाठी मशीनवर एकेरी तिकीट काढा. तीन दिवस रोज फिरणार असाल तर रॅबिट कार्ड घ्या, त्याला पासपोर्ट दाखवावा लागतो. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात गर्दी आपल्या लोकलइतकी नसली तरी सुटकेस घेऊन शिरण्यासारखी नसते. गाडीत खाणंपिणं चालत नाही.

पत्ते वाचायची एक खुबी आहे. मोठा रस्ता म्हणजे 'थानोन', त्यातून फुटणारी गल्ली म्हणजे 'सोय'. विषम क्रमांकाच्या सोय एका बाजूला, सम दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींची मोजणी आपापल्या चालीने पुढे जाते. त्यामुळे सुखुमवित रस्त्यावर सोय २१ च्या समोर २० किंवा २२ असेलच असं नाही. टॅक्सीवाल्याला हॉटेलचं नाव तोंडी सांगण्यापेक्षा थाई अक्षरांतलं कार्ड दाखवा.

नदीवरच्या बोटीसाठी सफान ताक्सिन स्टेशनातून खाली उतरा, समोरच साथोर्न धक्का. इथे पहिली गफलत होते. काउंटरवरची माणसं तुम्हाला परदेशी बघून निळ्या निशाणाच्या पर्यटक बोटीकडे वळवतात. ती वाईट नाही, पण महाग आहे. तुम्हाला हवी ती केशरी निशाणाची, रोज कामावर जाणाऱ्या लोकांची. भाडं कुठेही जा सारखंच, १६ बाथच्या आसपास, आणि तिकीट बोटीवरच मिळतं. वाहकाच्या हातात लांब पत्र्याची नळी असते. नाणी त्यातच, तिकिटाची गुंडाळीही त्यातच. ती खुळखुळवत तो किंवा ती गर्दीतून येते आणि नळीच्या कडेने तिकीट फाडून देते. सुटे वीस तयार ठेवा, हजाराची नोट काढलीत तर ती नळी तुमच्यासमोर जरा जास्तच जोरात वाजते. बोट धक्क्याला पुरती बांधत नाहीत. मागे उभा असलेला शिट्ट्यांवर शिट्ट्या मारत चालकाला अंतर सांगतो, बोट टेकते, आणि काही सेकंदांत सुटते. उतरायचं ठिकाण येण्याआधी मागे जाऊन उभे राहा.

कालव्यातली सेन सेप बोट वेगळी. ती प्रतुनामहून जुन्या शहराच्या कडेला, फान फा धक्क्यापर्यंत नेते, आणि रस्त्याने जो वेळ लागतो त्याच्या निम्म्यात. पाणी काळं, वास आहे, आणि समोरून दुसरी बोट आली की शिंतोडे उडतात, तेव्हा काठाला बसलेल्याने दोरी ओढून ताडपत्री वर करायची असते. हे कुणी सांगत नाही, शेजारचे फक्त तुमच्याकडे बघतात. वाहक हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या कडेवरून चालत तिकिटं काढतात, कारण पूल डोक्याला लागतील इतके खाली आहेत. आजीआजोबांना या बोटीत नेऊ नका. चढताना पायरी नसते, उडी असते.

## पहिली सकाळ: राजवाडा, वात फो, वात अरुण

हीच एक सकाळ नीट जमवली तर पैसे वसूल. 'वात' म्हणजे देऊळ. क्रम असा ठेवा.

सव्वाआठला था चांग धक्क्यावर उतरा. राजवाड्याचं दार साडेआठला उघडतं आणि दहानंतर बसगाड्यांतून माणसांचे लोंढे येतात. तिकीट परदेशी माणसाला ५०० बाथ. तिकीट विक्री साडेतीनला बंद होते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हे पुरुषांनाही. पंजाबी ड्रेस, पूर्ण पँट, बाहीचा शर्ट चालतो. फाटकी जीन्स आणि अंगाला चिकटलेल्या लेगिंगवर दारात अडवू शकतात. खांद्यावरून नुसती ओढणी घेऊन भागेल असं समजू नका. राजघराण्याचा समारंभ असेल त्या दिवशी काही भाग बंद असतो, ते आदल्या रात्री अधिकृत पानावर बघून घ्या.

आत गेल्यावर सगळे सोन्याच्या कळसाचे फोटो काढत सुटतात. तुम्ही आधी भोवतालच्या ओवऱ्यांत जा. राजवाड्याच्या आवारातल्या वात फ्रा केओच्या भिंतींवर १७८ चित्रांत रामकियेन, म्हणजे त्यांचं रामायण, रंगवलेलं आहे. सुरुवात उत्तरेकडच्या दारापाशी, आणि पुढे घड्याळाच्या काट्याप्रमाणे. फ्रा राम, फ्रा लक, नांग सिदा ओळखायला वेळ लागत नाही. हिरव्या तोंडाचा तो तोत्सकान, म्हणजे दशकंठ रावण. हनुमान पांढरा आहे आणि इथे तो ब्रह्मचारी नाही. लंकेकडच्या स्त्रियांशी, मत्स्यकन्येशीही त्याचे प्रेमप्रसंग आहेत. मुलांना सोबत घेऊन बघताना थोडी तयारी ठेवा, प्रश्न येतात. दारांवर जोडीजोडीने उभे असलेले अजस्र राक्षसही याच कथेतले.

मुख्य मंदिरात पाचूचा बुद्ध आहे. नाव पाचूचं असलं तरी मूर्ती जेडची, ६६ सेंटीमीटरची, उंच सिंहासनावर. ऋतूप्रमाणे वर्षातून तीनदा राजा तिची वस्त्रं बदलतो. आत फोटो नाही, आणि बसताना पाय मागे दुमडून बसायचं. तळवे मूर्तीकडे करणं हा तिथे मोठाच अपमान. आपल्यालाही हे घरातून शिकवलेलं असतं, पण दमल्यावर पाय लांब होतात.

साडेदहाच्या सुमारास बाहेर पडून दक्षिणेकडे चालत वात फो. ३०० बाथ. पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे आणि तो मावेल एवढंच देऊळ त्याच्याभोवती बांधलेलं, त्यामुळे पूर्ण फोटो कुठूनच येत नाही. पावलांच्या टोकापाशी थांबा: तळव्यांवर शिंपल्यांच्या तुकड्यांनी १०८ शुभचिन्हं जडवली आहेत. पाठीमागच्या बाजूला १०८ कांस्याची भांडी ओळीने आहेत. सुट्ट्या नाण्यांची वाटी घेऊन एकेक नाणं टाकत जायचं, आणि अख्खं देऊळ त्या टिणटिण आवाजाने भरलेलं असतं. थाई मालिशची प्रसिद्ध शाळा इथलीच, आवारातच मालिश करून मिळतं. बाहेर गल्लीबोळात तासाला २५० ते ४०० बाथ पडतात. 'बाओ बाओ' म्हणजे हळू, हे आधीच शिकून घ्या. कोपराने पाठ दाबायला सुरुवात झाली की शब्द सुचत नाही.

मग था तियन धक्क्यावरून पलीकडे होडी जाते, पाच बाथ. समोर वात अरुण: तोच आपला अरुण, पहाटेचा. तिकीट २०० बाथ. मधला मनोरा लांबून करडा दिसतो आणि जवळ गेल्यावर चिनीमातीच्या बश्यांचे तुकडे, फुलं, पाकळ्या दिसायला लागतात. पायऱ्या उभ्या आहेत. चढताना काही वाटत नाही, उतरताना कठडा धरून तिरकं उतरा. दुपारचे बारा वाजले असतील तर इथे रेंगाळू नका. हे देऊळ संध्याकाळी पुन्हा बघायचं आहे, पण या बाजूने नाही, था तियनच्या काठावरून, सूर्य त्याच्यामागे उतरताना.

बोट नको असेल तर एमआरटीचं सनाम चाय स्टेशन वात फोपासून पाच मिनिटांवर आहे.

## "आज राजवाडा बंद आहे"

हे वाक्य तुम्हाला ऐकू येणारच. राजवाड्याच्या भिंतीलगत नीटनेटके कपडे घातलेला, इंग्रजी बोलणारा गृहस्थ भेटतो. आज पूजा आहे, दुपारी उघडेल, तोवर हा टुकटुकवाला, म्हणजे तिथला रिक्षावाला, वीस-चाळीस बाथात तीन देवळं दाखवेल. तिसऱ्या थांब्यावर रत्नांचं किंवा सुटाच्या कापडाचं दुकान निघतं. टुकटुकवाल्याचं पोट तुमच्या भाड्यावर नाही, त्या दुकानाच्या कमिशनवर चालतं, म्हणून भाडं इतकं कमी. उत्तर न देता तिकीट खिडकीपर्यंत चालत जा. बंद असेल तर तिथे फलक असेल.

टुकटुकची हौस एकदा फेडून घ्यायला हरकत नाही, पण भाडं बसण्याआधी ठरवा, आणि ते टॅक्सीपेक्षा जास्तच पडेल. मीटर लावायला नाही म्हणणारी टॅक्सी सोडून पुढची बघा, किंवा ग्रॅब-बोल्ट या ॲपवरून मागवा. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५. व्हेप सोबत नेऊच नका, तिथे बेकायदा आहे. गांजाची दुकानं दिसली तरी लांब राहा, आणि त्यातलं काहीही भारतात आणणं हा गंभीर गुन्हा आहे.

## पोटपूजा

थाई बोलताना मराठी माणसाला एक फायदा आहे. त्यांच्याकडेही क-ख, त-थ, प-फ हे वेगळे आहेत. 'काय' म्हणजे कोंबडी आणि 'खाय' म्हणजे अंडं. इंग्रजी जिभेला यातला फरक जमत नाही, आपल्याला सहज जमतो. सूर चुकतील, पण अर्थ पोहोचतो. मू म्हणजे डुक्कर, नुआ गाय-बैलाचं मांस, कुंग कोळंबी, प्ला मासा. 'माय किन नुआ' म्हणजे बीफ खात नाही. 'माय साय' म्हणजे घालू नका.

शाकाहारी मंडळींनी इथे नीट वाचावं. नुसतं 'व्हेज' म्हणून सांगितलं की मांसाचे तुकडे काढतात, पण माशांचं पाणी म्हणजे नाम प्ला तसंच राहतं. ते तिथलं मीठच. हिरव्या-लाल करीच्या वाटणात कपी, म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी, असते, आणि परतलेल्या भाज्यांत ऑयस्टर सॉस. म्हणून शब्द वापरायचा तो 'जे': 'किन जे'. जे म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध यांतलं काही नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही. दुकानावर पिवळ्या पट्टीवर लाल अक्षर असतं, ते लांबून इंग्रजी सतरा आकड्यासारखं दिसतं. ते दिसलं की डोळे मिटून बसा. जैन मंडळींना कांदा-लसणाचा प्रश्न इथे सुटतो, बटाटा-गाजराचा सुटत नाही, ते विचारावंच लागेल. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवसांचा जे उत्सव असतो. आपलं नवरात्रही त्याच दिवसांच्या आसपास येतं, आणि तेव्हा रस्तोरस्ती पिवळ्या पताका लागलेल्या असतात. शाकाहारी माणसाने पाऊस सोसूनही जावं असे हे दिवस.

सोम तम, कच्च्या पपईची कोशिंबीर, डोळ्यांसमोर करून घ्या. उंच मातीचा खल, लाकडी बत्ता. आधी लसूण आणि मिरच्या, मग ताडाचा गूळ, चवळीच्या शेंगांचे तुकडे, टोमॅटो, लिंबू, नाम प्ला, सुकट, शेंगदाणे, आणि शेवटी किसलेली पपई. एका हाताने हलके ठोके, दुसऱ्या हातातल्या चमच्याने खालचं वर. पपई कुटत नाहीत, चेचतात, रस आत जाईल एवढीच. 'मिरच्या किती?' असं बोटांनी विचारतात. कोल्हापूरचे असलात तरी पहिल्यांदा एकच बोट दाखवा. ती मिरची बोटभर नसते, नखाएवढी असते आणि बियांसकट जाते. शाकाहारींनी सुकट आणि नाम प्ला दोन्ही आधीच बंद करावं, खलात पडल्यावर उपयोग नाही. शिवाय खल तोच असतो, आधीच्या गिऱ्हाइकाचा वास त्याला असतोच.

पाद काफ्राओ हे तिथलं रोजचं जेवण: खिम्यासारखं मांस, लसूण, मिरची, वरून मूठभर पानं, भात आणि कडा कुरकुरीत झालेलं तळलेलं अंडं. ती पानं म्हणजे तुळस, आपल्या वृंदावनातलीच. कुणाला ते रुचणार नाही, पण मंद आचेवर नव्हे तर धडधडत्या कढईत पडलेल्या तुळशीचा वास एकदा नाकात गेला की विसरत नाही. रस्त्यावर ताट ५० ते ८० बाथ. खाओ मन काय हा कोंबडीच्या रश्शात शिजवलेला भात, तेव्हा 'नुसता भात द्या' म्हणूनही तो शाकाहारी होत नाही. विजयस्तंभाजवळच्या (व्हिक्टरी मॉन्युमेंट) बोट नूडल्सच्या वाट्या दोन घासांच्या असतात आणि माणसं एकावर एक रचून ठेवतात. त्या दाट रश्श्यात पारंपरिक पद्धतीत जनावराचं रक्त असतं, हे माहीत असूनच खा.

टेबलावर चार वाट्यांचा डबा असतो: साखर, मिरचीचं व्हिनेगर, नाम प्लातल्या मिरच्या, लाल तिखट. नूडल्स बेचव येत नाहीत, अर्धवट येतात. उरलेली चव तुम्ही लावायची असते. खायला चमचा आणि काटा. तोंडात चमचा जातो, काटा फक्त लोटायला.

गोडात मार्च ते जून गेलात तर खाओ निआओ मामुआंग: नारळाच्या दुधात मुरवलेला चिकट भात, वर खारट नारळाचं दूध, कुरकुरीत मुगाची डाळ, शेजारी आंबा. त्यांच्या नाम दोक माय आंब्याला हापूसचा वास नाही, हे मान्य करून टाका आणि मग खा. रेषा नावाला नाही आणि त्या खारट दुधाशी तो हापूसपेक्षा बरा जुळतो. दुरियन हे उग्र वासाचं फळ हॉटेलच्या खोलीत नेऊ नका, दंड लावतात.

पहिल्या दिवशी रस्त्यावर खायचा धीर होत नसेल तर मॉलमधली फूड कोर्ट घ्या. असोकच्या टर्मिनल २१ मधलं पिअर २१ स्वस्तात नामांकित आहे. आधी काउंटरवर पैसे भरून कार्ड घ्यायचं, उरलेले त्याच दिवशी परत मिळतात. नळाचं पाणी पिऊ नका. बर्फ मधे भोक असलेला नळीसारखा असेल तर तो कारखान्यातला, चालतो. पाकिटावर मुदत २५६९ वगैरे दिसली तर दचकू नका. ते बुद्धवर्ष आहे, ५४३ वजा करा. चटकन घरचं जेवण हवंसं झालं तर फाहुरात भागात जा. तिथे भारतीय कापडवाले, मिठाईवाले आणि गुरुद्वारा आहे.

## उरलेले दिवस

दुसऱ्या संध्याकाळी चायनाटाउन. एमआरटीने वात मंगकोन, सातच्या आधी नाही. सोमवारी खाण्याच्या बऱ्याच गाड्या लागत नाहीत. आधी वेळ असेल तर जवळच वात त्राइमितला साडेपाच टनांचा सोन्याचा बुद्ध बघा. तो चुन्याच्या थराखाली दडलेला होता. १९५५ साली हलवताना मूर्ती आपटली, थर तडकला आणि आतलं सोनं दिसलं. त्याच दिवशी दुपारी चारनंतर वात साकेतची टेकडी चढता येईल. ३४४ पायऱ्या, पण गोल फिरत जाणाऱ्या आणि सावलीतल्या, आणि वर वारा.

शनिवार-रविवार असेल तर चातुचाक बाजार. मो चित स्टेशनवरून सकाळी नऊ-दहाला शिरा, पत्र्याखाली दुपारी भट्टी होते. आवडलेली वस्तू 'परत येताना घेऊ' म्हणून सोडलीत की गेली. विभागाचा आणि गल्लीचा क्रमांक खांबावर असतो, त्याचा फोटो काढा. हरवलात तर मधला घड्याळाचा मनोरा. प्रतुनामच्या प्लॅटिनम मॉलमध्ये एका दुकानातून तीन नग घेतले की घाऊक भाव लागतो, तेव्हा बहिणी-जावांनी एकत्रच जावं. बुद्धमूर्ती विकत घेण्याआधी विचार करा, देशाबाहेर न्यायला ललित कला विभागाचा परवाना लागतो.

चित लोम स्टेशनखाली एरावनचा चौक आहे. १९५६ साली बसवलेला चतुर्मुख ब्रह्मदेव, झेंडूच्या माळा, आणि नवस फेडायला पैसे देऊन करवलेलं नृत्य. आपल्याकडे ब्रह्मदेवाची देवळं शोधावी लागतात, इथे तो भर मॉलच्या कोपऱ्यावर बसला आहे. हुआय ख्वांग चौकात गणपती आहे. त्याला ते फ्रा फिखनेत म्हणतात, कलाकारांचा देव मानतात, आणि त्यांच्या ललित कला विभागाच्या चिन्हावरही तोच आहे. सिलोम रस्त्यावर तमिळ पद्धतीचं मरिअम्मनचं देऊळ आहे.

तिसऱ्या दिवशी अयुत्थया करा, पटायाचा सोस नसेल तर. नाव अयोध्येवरून, १७६७ साली बर्मी फौजांनी जाळेपर्यंत राजधानी. साध्या गाडीच्या तिसऱ्या वर्गाचं तिकीट २० बाथच्या आसपास, वेळ दीड ते दोन तास. साध्या गाड्या हुआ लम्फोंगहून सुटतात, लांब पल्ल्याच्या बहुतेक क्रुंग थेप अफिवातहून, तेव्हा तिकिटावरचं स्टेशन दोनदा वाचा. अयुत्थया स्टेशनातून सरळ नदीवर जा, होडीने पलीकडे, तिथे सायकली भाड्याने मिळतात. वात महाथातमध्ये झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक आहे. फोटो काढताना त्या मस्तकापेक्षा खाली बसायचं, राखणदार सांगतोच. दुपारी सायकल चालवणं जमण्यासारखं नाही, म्हणून पहाटेची गाडी.

आणि तीन गोष्टी रस्त्यातल्या. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनांत, बागांत राष्ट्रगीत लागतं, सगळे जागच्या जागी थांबतात, तुम्हीही थांबा. राजघराण्याबद्दल चेष्टेत, समाजमाध्यमांवरसुद्धा, काही बोलू नका. त्यासाठी तुरुंगवास आहे. बायकांनी भिक्खूंना स्पर्श होणार नाही असं बाजूने जायचं, बोटीत त्यांच्यासाठी जागा राखीव असते.

परतताना पहाटेचं विमान असेल तर रेल लिंक साडेपाचच्या आसपास सुरू होते, तोवर टॅक्सीच. इमिग्रेशन ओलांडल्यावर लगेच दुकानांकडे धावू नका. समोर वासुकीची दोरी ओढणारे देव-दानव, मधे कूर्मावर उभा विष्णू असं अख्खं समुद्रमंथन उभं आहे. उरलेली नाणी तिथल्या कॉफीत संपवा, मुंबईत ती कुणी बदलून देत नाही.